भावाच्या दारचा गूळ

घोडेगावच्या पेठेत भंवरलाल शेठचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाईचं मशीन. साडी घेतली की बायका ब्लाउजपीस तिथंच माझ्यापुढं टाकायच्या. शेठना माझ्यामुळं गिऱ्हाईक आणि मला शेठमुळं, असं आमचं चाललं होतं. दुकानामागंच त्यांचं घर, त्यामुळं आतल्या भांड्याला भांडं लागलं की मला मशीनच्या खडखडाटातही ऐकू यायचं.

गुलाबबाई म्हणजे शेठची बायको. गावाची गुलाबबाई, माझी नुसतीच गुलाब. आम्ही दोघी एका वयाच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती मारवाडातून, पाली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून इथं आली, तेव्हा तिला मराठीचा ओ की ठो कळत नव्हता. डिंभ्याकडच्या बाजारकरणींशी घासाघीस करता करता ती मराठी शिकली, आणि शिकली ती माझ्यापेक्षा गावरान. "लई म्हाग न्हाई बाय, तुज्यासाटी म्हणून सांगती," असं ती म्हणाली की नवखं गिऱ्हाईक चमकून बघायचं. कपाळापर्यंत पदर, हातात मारवाडी चुडा आणि तोंडात आमची बोली.

एवढं असून गावानं तिला 'मारवाडीण'च म्हटलं. वाईट मनानं नाही, सवयीनं. हळदीकुंकवाला बोलवायच्या, वाण द्यायच्या, आणि गप्पा रंगल्या की तिच्याकडं पाठ करून बसायच्या. ती थोडा वेळ सतरंजीचे दोरे ओढत बसायची आणि उठून यायची. दुपारी दुकानात कुणी नसलं की माझ्याजवळ येऊन माहेरच्या गोष्टी सांगायची. तिथली बाजरी, तिथल्या रानातल्या कैर फळांची भाजी, तिथलं तूप. मला राग यायचा. इथं काय आम्ही माती खातो का, असं मी एकदा तिला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "तसं न्हाई गं. तितं मला कुणी इचारत न्हाई, तू कोण म्हणून."

नव्याण्णव साली तिच्या थोरल्या लेकीचं, ललिताचं लग्न ठरलं. शिरूरचं घर, माणसं चांगली. फाल्गुनातली तारीख निघाली आणि गुलाबची झोप उडाली. कारण लग्न म्हटलं की मायरा आला, आणि मायरा म्हटलं की भाऊ आला.

त्यांच्यात चाल अशी की मुलीची आई गूळ, तांदूळ, नारळ आणि बत्तीस खारका घेऊन भावाच्या दारी जाते. ह्याला बत्तीसी म्हणतात. भावाला टिळा लावायचा, गूळ त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, लेकीचं लग्न आहे, मायरा घेऊन ये. मग लग्नाच्या वेळी भाऊ दारात येतो, बहीण आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहते आणि तो तिच्या डोक्यावर चुनडी घालतो. सोबत कपडे, दागिने, काय काय असतं, आणि लोक तेच बघत बसतात. पण बाईचा जीव असतो त्या चुनडीत. जिच्या डोक्यावर ती पडली नाही, ती लेकीच्या लग्नात उघडी पडली म्हणायचं.

"आमच्यात बत्तीशी म्हणजे दात," मी म्हटलं. "नको तिथं बोललं की घशात जाते." एरवी अशा बोलण्यावर ती पदराआड खुदखुदायची. त्या दिवशी हसली नाही.

कारण भावाचं आणि तिचं बोलणं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा गुलाब बाळंतीण होती, धाकटी रीना पाच दिवसांची. तार आली ती शेठनी खिशात घातली. ओल्या बाळंतिणीला असली बातमी सांगायची नाही, दूध आटतं, हे त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही. शेठनी सव्वा महिना कळ काढली आणि मग सांगितलं. तोवर तिकडं दिवस-कार्य सगळं उरकलं होतं. गुलाब भिंतीला डोकं लावून बसली ती किती दिवस बसली कोण जाणे. भावाला पत्र टाकलं, उत्तर नाही. दर वर्षी राखी पाठवली, उत्तर नाही. "भाईचा राग लई वाईट," ती सांगायची. "माई मेली आन् लेक आली न्हाई, त्ये त्याच्या काळजात रुतून बसलंय. त्यो इसरायचा न्हाई." सांगताना डोळ्यांत पाणी असायचं, पण आवाजात कुठंतरी मानही असायचा. आपल्यावर इतकं रागावणारं एक माणूस जगात आहे, असा.

शेठ सोबत जायला तयार नव्हते. तार लपवणारे तेच, मेव्हण्यापुढं उभं कुठल्या तोंडानं राहायचं? "इंदूबेन, तुम्ही जा हिच्यासोबत," ते मला म्हणाले. "गाडी करून देतो. बहिणीची गाडी भावाच्या दारात उभी राहिली पाहिजे. ड्रायव्हरला सांगा, पोचल्यावर दोनदा हॉर्न वाजव."

"आधी एक फोन करा की," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही अभद्रच बोलले. बत्तीसीला विचारून जात नाहीत. येऊ का म्हणून विचारलं तर ते बोलावणं कसलं, तो सौदा झाला. बरं, समाजात दुसऱ्या कुणाला विचारावं तर भावा-बहिणीचं वाकडं आहे हे चारचौघांत व्हायचं. भाऊ हस्तीमल, धंदा मद्रासला, पण बायको-पोरं गावच्या घरी आणि थंडीत तो हटकून गावी येतो, एवढं गुलाबला ठाऊक होतं. तेवढ्यावर निघायचं ठरलं.

संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. गाडी पिंपरी पेंढारच्या गेणूची, ट्रॅक्स. पुढं गेणू आणि बारा वर्षांचा पीयूष, मागं गुलाब, मी आणि रीना. लेकरांना न्यायलाच हवं होतं. रीनाला मामानं पाहिलेलंच नव्हतं, आणि जिच्या जन्मापायी हे सगळं झालं ती पोर पुढं केली की भाई विरघळेल, असा गुलाबचा हिशेब. गुळाची ढेप लाल कापडात बांधून तिनं मांडीवर घेतली होती. मंचरकडच्या गुऱ्हाळातून स्वतः उभी राहून आणलेला गूळ. खाली ठेव म्हटलं तर ठेवीना. लेण्याद्रीला गेणूनं रस्त्यावरूनच हात जोडले, पीयूषला कॅसेट लावायला सांगितली, आणि ओतूर मागं टाकून आम्ही माळशेजला लागलो. घाटात वारा असा बोचरा की रीना माझ्या शालीत आणि मी तिच्या गोधडीत.

प्रवास लांबचा. कल्याण, मग गुजरातचा तो सरळसोट हायवे, ट्रकांच्या मागं ट्रक. लेकरांनी भेंड्या खेळल्या, भांडली, ओकली, झोपली. गेणूचं दुखणं वेगळंच होतं. गुलाब दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायची नाही, म्हणून ऊन कलायला लागलं की गाडी थांबवून जेवणं. त्यातही कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही.

"बाय, ह्या बटाट्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" गेणू म्हणायचा.

"तू खा की बाबा ढाब्यावर. तुला कोण नगं म्हणतंय?"

"न्हाई, तुमी उपाशी आन् मी रस्सा वरपायचा, बरं दिसतं का त्ये?" आणि बिचारा पुरी-लोणचं खाऊन धुसफुसत गाडी हाणायचा.

मुक्काम वाटेतल्या जैन धर्मशाळांत. गुलाब दिवसभर खिडकीकडं तोंड करून पुटपुटत असायची. मला वाटलं जप करते. नीट कान दिला तेव्हा कळलं, भावाशी काय बोलायचं ते घोकत होती. आधी पाया पडायचं, मग रीनाला पुढं करायचं, मग तारेचं सांगायचं. कधी तारेचं आधी, रीना मग. नवऱ्याला दोष येऊ नये म्हणून कधी तार सगळीच गाळायची आणि मीच आजारी होते म्हणायचं. शाळेतल्या पोरानं धडा पाठ करावा तसं चाललं होतं.

"मम्मी, मामा मला उचलून घेईल का?" रीनानं विचारलं.

"घील की."

"आणि रागावला असला तर?"

गुलाबनं ढेपेचं कापड उगाच सारखं केलं. "रागावला तरी घील. मामा हाय त्यो."

पालनपूर मागं पडलं आणि तिचा चेहरा बदलला. पदर आणखी खाली आला, पाठ ताठ झाली. आबूचे डोंगर दिसले तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं, जणू तिनंच बांधलेत. तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेत न्हाऊन नवी साडी नेसली, लेकरांना नवे कपडे घातले. "आता मी रस्ता सांगती," गेणूला म्हणाली. हिथं विहीर लागल, मग कडुनिंब, मग डावीकडं. विहीर लागलीच नाही. कडुनिंबाच्या जागी पेट्रोल पंप होता. आम्ही एका खाणीत जाऊन परत आलो.

"बाय, म्हायेर तुमचंच हाय नव्हं?" गेणू म्हणाला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

शेवटी एका गुराख्याला विचारून गाव सापडलं. गावात शिरलो आणि मी बघतच राहिले. एवढाली घरं! संगमरवरी पायऱ्या, नक्षीचे गॅलरीचे खांब, दारावर पितळी पाट्या. आणि प्रत्येक दाराला कुलूप. ह्या घरालाही, त्या घरालाही. कोणी मुंबईला, कोणी मद्रासला, कोणी बंगळूरला. एका गॅलरीत मोर बसला होता. रस्त्यात दोन कुत्री ऊन खात पडली होती, ती गाडीला उठलीसुद्धा नाहीत.

"थांब, ह्येच," गुलाब म्हणाली. शेठनी बजावलं होतं म्हणून गेणूनं दोनदा हॉर्न वाजवला. त्या मोकळ्या गल्लीत तो इतका मोठा वाजला की तोच ओशाळला.

त्याही दाराला कुलूप होतं. कुठल्या दिवाळीचं तोरण कोण जाणे, वाळून दोऱ्याला दोन देठ राहिले होते. गुलाब ढेप घेऊन उतरली, पायऱ्या चढली आणि कुलपाकडं बघत उभी राहिली. रीनानं दाराच्या फटीला डोळा लावला. "मम्मी, आत अंधार आहे."

आवाजानं पलीकडच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली. अख्ख्या गल्लीत तेवढं एक दार उघडं. "कुण?" तिनं विचारलं. गुलाबनं तिच्या भाषेत बापाचं नाव सांगितलं, आपलं नाव सांगितलं, लहानपणी तुमच्याकडं ताक न्यायला यायचे म्हणून सांगितलं. म्हातारीनं तिला खालवर न्याहाळलं. तिला काही आठवलं नाही. आमच्या साड्या बघून म्हणाली, दक्खणी दिसता. मग एवढं सांगितलं की हस्तीमल बायको-पोरांना मद्रासला घेऊन गेला त्याला दोन वर्षं झाली. गेल्या थंडीत आला नाही, ह्या थंडीतही नाही. त्याचा तिकडचा फोन नंबर दाराशेजारच्या भिंतीवर रंगानं लिहिलेला होता.

"फोन कर," मी म्हटलं.

"फोनवरून टिळा लावू व्हय?"

 ती भावाच्या पायरीवर ढेप मांडीवर घेऊन बसली. गल्लीच्या टोकाकडं बघत होती, जसा काही तो शेजारी कुठं गेलाय आणि आता येईलच. ऊन चढलं. म्हातारीनं लेकरांना बाजरीची भाकरी दिली. गेणू गाडीखाली घुसून उगाच काहीतरी बघत राहिला. बऱ्याच वेळानं गुलाब आपणहून उठली आणि म्हणाली, "चल."

एसटीडी बूथ चौकात होता. आत जाताना तिनं गूळ माझ्या हातात दिला. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. पहिलं बोलणं ऐकू आलं, कारण ती ओरडून बोलत होती. "भाईसा, मैं गुलाब. गुलाब! घोडेगाँव वाली गुलाब!" तीनदा सांगावं लागलं. मग आवाज खाली आला. नुसतं हां, हां. एकदा हसलीसुद्धा. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, भावानं तोडलं.

ती म्हातारीच्या घरी गेली आणि ढेप तिच्यापुढं ठेवली. म्हातारी म्हणाली, एवढ्या गुळाचं मी काय करू, मला साखरेचा आजार. गुलाब म्हणाली, भाईनं तुमच्याकडंच ठेवायला सांगितलाय. टिळ्यासाठी आणलेली कुंकवाची पुडी मात्र तिनं तशीच कमरेला परत खोवली. आम्ही त्याच दुपारी गाडी वळवली.

अर्धा गुजरात मागं पडला. लेकरं झोपल्यावर म्हणाली, "इंदू, भाई रागावला न्हवताच."

"मग बरंच झालं की!"

"लई गोड बोलला. मायरा पार्सलनी पाठवतो म्हणला, काय कमी पडू देणार न्हाई म्हणला. त्याचा सीझन हाय, यायला जमायचं न्हाई." तिनं पदर सारखा केला. "मी म्हणलं, भाईसा, माई गेली तवा मी आले न्हाई, त्याची माफी मागाया आले. तर त्यो म्हणला, असं कसं? तू आली व्हतीस की. रडून रडून कोपऱ्यात बसली व्हतीस."

मी झोपलेल्या रीनाचं डोकं मांडीवर सारखं केलं.

"दुसरी कुणीतरी आसल, मावसबहीण न्हाय तर कुणी. त्याला वाटतंय मीच व्हते."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? म्हणलं, व्हय. आले व्हते."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण द्यायच्या कुणाला? त्या माणसानं वाकडं काहीच केलं नव्हतं. गोड बोलला होता, मायरा कबूल केला होता. माझं स्वतःचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी काठावर जाऊन बसायची आणि रडून यायची. तरी मला निदान कळत होतं की गेलं ते पाण्यात गेलं. गुलाबला काय सांगणार? नऊ वर्षं ती भावाच्या रागाला भीत होती, आणि त्या रागाच्या आधारानंच उभी होती. रागावला असता तर समजूत काढता आली असती. तिनं पुढं एकच वाक्य उच्चारलं, "म्हंजी मी न्हवते त्ये कुणाच्या ध्येनातच आलं न्हाई." मग खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. मी तिचा हात धरला. तो थंडगार होता आणि तिनं तो सोडवूनही घेतला नाही, दाबलाही नाही.

पार्सल लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलं. हस्तीमलनं खरंच काही कमी पडू दिलं नव्हतं. जावयाचे कपडे, ललिताला सेट, शेठना शाल-पागोटं, आणि तळाला चुनडी, लाल, जरीची, उंची. नात्यातला कुणी पुरुष भाऊ म्हणून उभा करू, असं शेठ दोनदा म्हणाले. गेणूला उभा कर, मी म्हटलं, तीन दिवस तुझ्यापायी उपाशी राहिलाय तो. गुलाबनं मान हलवली. "भाऊ काय उसना आणायची वस्तू हाय?" लग्नाच्या सकाळी आतल्या खोलीत मी तिच्याबरोबर होते. तिनं चुनडीची घडी मोडली. मी ती डोक्यावर घालायला हात पुढं केला तर ती मागं सरकली. मग आरशासमोर उभी राहून तिनं स्वतःच्या हातानं ती घेतली, पिन लावली, आणि बाहेर पाहुण्यांना पाणी द्यायला गेली. घोडेगावच्या चार जैन घरांना मायरा पार्सलनं आला हे कळलंच होतं. कुणी चकार शब्द काढला नाही, हे त्यांचं मोठेपण.

दुपारी शिरूरची वऱ्हाडी मंडळी आली. विहीणबाई बोलक्या, मनानं साफ. गुलाबच्या डोक्यावरच्या चुनडीचा पदर बोटांत धरून म्हणाल्या, "काय सुंदर आहे हो! भावानं घातली ना? कुठं आहेत मामासा? आम्हाला भेटायचंय त्यांना."

गुलाब म्हणाली, "सकाळीच आला व्हता. मायरा घालून लगीच गेला. मद्रासला सीझन हाय त्याचा."

"अगं बाई, असे कसे गेले? लग्नाला थांबले नाहीत?" विहीणबाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही तरी अडवायचं की त्यांना."

"अडवलं ना," मी म्हटलं. "मीच चहा दिला त्यांना. पण बहिणीच्या डोक्यावर चुनडी घातली आणि असे रडायला लागले, असे रडायला लागले, की चहा तसाच राहिला कपात. रीनाला कडेवरून खाली ठेवीनात. एवढी मोठी घोडी ती! निघताना दारातून तीनदा मागं वळून बघितलं."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "भाग्यवान आहात," गुलाबला म्हणाल्या आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मांडवाकडं गेल्या.

गुलाब हातात पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होती. मला वाटलं, आता ही चिडणार, जास्तच बोलले मी. ती माझ्याजवळ सरकली.

"इंदू," ती हळूच म्हणाली, "अजून सांग."